पान्ह्याची साक्ष

ज्या विकाराला डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतात आणि मराठींत छिन्नमनस्कता असें नांव आहे, त्या विकारानें ग्रासलेल्या माणसाचें बोलणें सहसा कोणी मनावर घेत नाहीं. आज सांगावयाची हकीकत अशाच एका बोलण्याची आहे.

१९५० च्या डिसेंबरांत फ्रान्समधील रोन-पूलांक या कंपनींत पॉल शार्पांतिए या रसायनज्ञानें क्लोरप्रोमाझिन हें द्रव्य तयार केलें. तें दिलें असतां रोगी जागा असूनही निर्विकार राहतो, हें आंरी लाबोरी या शल्यवैद्याच्या ध्यानीं आलें. आणि १९५२ सालीं पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयांत ज्यां दले व पिएर देनिकेर यांनीं तें मनोरुग्णांना देऊन पाहिलें. खवळलेले रोगी निवळले. पुष्कळांचे भास ओसरले. त्याच वर्षीं स्वित्झर्लंडमध्यें सर्पगंधेच्या मुळींतून रेसर्पिन वेगळें काढण्यांत आलें. त्या मुळीचा उन्मादावरील गुण कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालींच प्रसिद्ध केला होता.

परंतु थोड्याच वर्षांत या दोन्ही औषधांबाबत एक चमत्कारिक तक्रार येऊं लागली. कांहीं स्त्रियांचा मासिक धर्म थांबला आणि मूल नसतांना पान्हा फुटला. पुरुषांपैकीं कोणाची कामेच्छा मंदावली, तर कोणाची छाती वाढली. जिच्या कल्पना खोट्या म्हणून औषध चाललें आहे, तिनें ही गोष्ट सांगावी कोणाला? आपण गर्भवती आहोंत असें तिला वाटलें, तर तो भ्रम खरा. पण त्या भ्रमामागें तिच्या शरीराची साक्ष उभी होती.

या साक्षीचा अर्थ हळूहळू उलगडला. डोपामिन हें मेंदूंतील एक स्वतंत्र निरोप्या द्रव्य आहे, असें स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनीं १९५७ सालीं दाखविलें. आणि क्लोरप्रोमाझिन त्याचा निरोप अडवितें, असा तर्क त्यांनीं १९६३ सालीं मांडला. मेंदूच्या तळाशीं असलेली पीयूषग्रंथि प्रोलॅक्टिन नांवाचा दूध आणणारा अंतःस्राव निर्माण करते. त्या स्रावाला एरवीं डोपामिनचाच लगाम असतो. औषधानें डोपामिन अडविलें, कीं भास मावळतात. पण त्याबरोबर हा लगामही सुटतो. पुढें १९७० च्या सुमारास कॅनडांतील हेन्री फ्रीझन यांनीं मानवी प्रोलॅक्टिन वेगळें करून तें रक्तांत मोजण्याची रीत बसविली, आणि लाजत सांगितलेल्या तक्रारीला आंकड्याचा आधार मिळाला.

ही बाब केवळ संकोचाची नाहीं. प्रोलॅक्टिन फार काळ चढलेलें राहिलें, तर स्त्रीत्वाचे व पुरुषत्वाचे अंतःस्राव घटतात आणि हाडें ठिसूळ होतात. नव्या औषधांतही सारखेपणा नाहीं. रिस्पेरिडोन प्रोलॅक्टिन पुष्कळ वाढवितें. क्लोझापिन व अरिपिप्राझोल सहसा वाढवीत नाहींत. मात्र क्लोझापिननें वजन व मधुमेह वाढण्याची भीति असते. कोणतेंही औषध आपला मोबदला घेतल्यावांचून राहत नाहीं.

म्हणून घरच्या मंडळींना एवढेंच सांगणें आहे: औषध आपल्या मनानें बंद करूं नये, कारण गेलेला विकार उलटण्याचें भय मोठें असतें. पाळी चुकली, पान्हा आला, इच्छा विझली, तर डॉक्टरांना निःसंकोच सांगावें. रक्त तपासतां येतें, मात्रा कमी करतां येते, औषधही बदलतां येतें. पण हें सारें तेव्हांच शक्य आहे, जेव्हां रोग्याचें म्हणणें कोणीतरी खरें मानून ऐकून घेईल.