हाडांचा हिशेब

मध्यंतरी गणेशोत्सवात एका बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आमची मुलगी ट्रान्स आहे. इस्ट्रोजेन सुरू केलंय. पुढे तिची हाडं ठिसूळ होतील का रे?" मी आयटीतला माणूस, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून त्यामागचा इतिहास वाचला. तोच आज सांगतो.

१९४१ मध्ये बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी मांडलं, की पाळी थांबल्यावर बायकांची हाडं विरळ होतात ती इस्ट्रोजेन घटल्यामुळे. पुरुषांची हाडं मात्र टेस्टोस्टेरॉन सांभाळतं, असा समज पुढे पन्नास वर्षं टिकला. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या तरुणाची हकिगत छापली. उंची २०४ सेंटिमीटर, आणि अजून वाढतच होती! टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, पण शरीर इस्ट्रोजेनला दादच देत नव्हतं. हाडं ठिसूळ. म्हणजे पुरुषाच्या हाडांनाही इस्ट्रोजेन लागतं. त्याच्या शरीरात ते टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं.

आता ॲमस्टरडॅम. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात १९७२ पासून ट्रान्स व्यक्तींवर उपचार होतात. तिथल्या नोंदींवरून २०१९ मध्ये दिसलं, की पन्नाशीपुढच्या ट्रान्स स्त्रियांपैकी ४.४ टक्के जणींचं हाड मोडलं होतं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २.४, तर स्त्रियांत ४.२ टक्के. म्हणजे आपल्या आईची जेवढी काळजी घेतो, तेवढी यांचीही घ्यायला हवी. बेल्जियमच्या अभ्यासात तर अनेकींची हाडं उपचाराआधीच कमजोर आढळली: व्यायाम कमी, ड जीवनसत्त्व कमी.

खरा धोका आहे दोन्ही संप्रेरकं नसण्याचा. आपल्याकडे तृतीयपंथीयांमध्ये 'निर्वाण' ही जुनी प्रथा आहे. अंडकोष काढले की टेस्टोस्टेरॉन जवळपास संपतं, आणि त्यापासून बनणारं इस्ट्रोजेनही. बाहेरून ते मिळालं नाही, तर हाडं झिजत जातात. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या परस्पर बंद करणारीचंही तेच होतं.

त्या बाबांना मी एवढंच सांगितलं: औषध मध्येच सोडू देऊ नका. चालणं, वजनं उचलणं चालू राहू दे. बॉथेलच्या हिवाळ्यात ऊन नावालाच, तेव्हा ड जीवनसत्त्व तपासून घ्या. आणि डेक्सा कधी करायची, हे डॉक्टरांना विचारायला तिच्यासोबत तुम्ही स्वतः जा.

ते म्हणाले, "पुढच्या वेळी मी जातो."