चुलीतले मीठ आणि सूर्यातली रेषा

मंडळी, पेणच्या खाडीकाठाला मिठागरांची परंपरा जुनी आहे. त्या खाडीच्या मिठाची एक चिमूट आज चुलीच्या जाळावर टाकून बघा. जाळ एकदम पिवळाधमक होईल. मिठात सोडियम नावाचे मूलद्रव्य असते, त्याची ही खूण. हाच उजेड काचेच्या लोलकातून पाहिला, तर पिवळ्या जागी अगदी लगत दोन रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा अशा ठरलेल्या असतात. माणसाला जसा अंगठ्याचा ठसा, तशा मूलद्रव्याला या रेषा. १८५९ च्या सुमारास किरखॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी ही ओळख पक्की केली आणि सूर्यात काय काय आहे ते पृथ्वीवर बसून वाचता येऊ लागले.

पुढे १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली आपल्या दख्खनवरून सरकत गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. तिकडे आंध्रात गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते. सूर्य झाकला गेला तशा त्याच्या कडेच्या ज्वाळा दिसू लागल्या. हर्शेलना त्या ज्वाळांच्या उजेडात तांबडी, नारिंगी आणि निळी अशा ठळक रेषा दिसल्या. नारिंगी रेषा सोडियमचीच, म्हणजे आपल्या मिठातलीच, असे त्यांनी नोंदवले. त्यांच्या यंत्राला त्याहून बारीक भेद कळणे शक्य नव्हते.

दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहण नसतानाच त्या ज्वाळा पाहिल्या. त्यांना दिसले, की पिवळी रेषा सोडियमच्या जवळ आहे खरी, पण त्याच जागी नाही. थोडी बाजूला आहे. मग ही कुणाची? पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना. ग्रीक भाषेत सूर्याला ‘हेलिओस’ म्हणतात, त्यावरून या अनोळखी मूलद्रव्याला हेलियम नाव पडले. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झे यांना ते लंडनमध्ये एका खनिजात सापडले, तेव्हा कुठे शंका फिटली.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी इतिहासाचा मास्तर. ‘लॉकियरसाहेबांनी आपल्या विजयदुर्गावरून हेलियम शोधला’ असे मी वर्गात कितीतरी वर्षे अभिमानाने सांगत आलो. किल्ल्यातले ‘साहेबाचे कट्टे’ पाहिले, की कुणालाही ते खरेच वाटेल. पण १८६८ मध्ये लॉकियर इथे नव्हतेच. ते विजयदुर्गाला आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि तोवर हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे होऊन गेली होती. दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली ती अशी. शिक्षकबंधूंनो, माझी चूक तुम्ही पुढे चालवू नका. जमखंडीची आणि विजयदुर्गाची खरी हकिकत काही कमी मोलाची नाही.

हे सारे मी रोह्याच्या एका शाळेत सांगत होतो, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, पण हा हेलियम सूर्यात आला कुठून?”

प्रश्न साधा वाटला, तरी त्याच्या उत्तराला पुढची पाऊणशे वर्षे लागली. १९२५ मध्ये सिसिलिया पेन या तरुण संशोधिकेने दाखवले, की तारे बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियम यांचेच बनलेले आहेत. १९४८ मध्ये गॅमॉव्ह आणि आल्फर यांनी मांडले, की विश्व आरंभी अतितप्त होते आणि मूलद्रव्ये त्या भट्टीत शिजली. फ्रेड हॉयल यांना हे पटेना. १९४९ मध्ये एका रेडिओ-भाषणातच त्यांनी या मताला ‘बिग बँग’, मोठा धमाका, असे नाव दिले, आणि तेच रूढ झाले!

गंमत बघा, दोघांचेही थोडे थोडे बरोबर निघाले. पाच आणि आठ वजनाचा अणुगर्भ टिकतच नाही, त्यामुळे आरंभीच्या भट्टीतला जिना हेलियमच्या पुढे जवळजवळ तुटतो. कार्बन, ऑक्सिजन ही मंडळी पुढे ताऱ्यांच्या पोटात तयार झाली, हे हॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये सविस्तर मांडले. पण विश्वात इतका हेलियम ताऱ्यांनी बनवलेला असणे शक्य नाही, हा हिशेब १९६४ मध्ये मांडणारेही हॉयल आणि टेलर हेच! स्वतःच्या मताला अडचणीचा ठरणारा हिशेब त्यांनी लपवला नाही. आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर याच हॉयलांचे शिष्य.

आज हिशेब असा दिसतो. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी, पहिल्या काही मिनिटांत, वजनाने पाऊण भाग हायड्रोजन, पाव भाग हेलियम आणि लिथियमचा नुसता अंश तयार झाला. सूर्य स्वतःही हेलियम बनवतो, पण त्यातला बराचसा त्याला वारशानेच मिळाला आहे. बेरिलियम आणि बोरॉन मात्र ताऱ्यांच्या आचेत टिकत नाहीत. अंतराळात भरधाव धावणारे विश्वकिरण कार्बन-ऑक्सिजनच्या अणूंवर आदळून ते फुटतात, त्या तुकड्यांतून ही दोन मूलद्रव्ये होतात. सोनाराच्या टाकणखारातला बोरॉन बहुतांशी असाच आला. एक कोडे अजून शिल्लक आहे. अतिप्राचीन ताऱ्यांत लिथियम हिशेबाच्या सुमारे एक तृतीयांशच भरते. का, ते अजून ठरलेले नाही. ते कोडे कदाचित तुमच्याच वर्गातले कुणी सोडवील.

रोह्याच्या त्या मुलाला मी कुंडलिकेच्या पाण्याचा पेला दाखवला. म्हटले, “यातला ऑक्सिजन ताऱ्यांत जन्मला. पण हायड्रोजन त्याहून जुना. सह्याद्रीचा हा काळा दगड सहासात कोटी वर्षांचा, पृथ्वी साडेचारशे कोटींची, आणि हा हायड्रोजन विश्वाच्या पहिल्या घटकेचा.” मुलाने पेल्याकडे पाहिले आणि विचारले, “मग त्याच्या आधी काय होते?”

मी म्हटले, “बाळ, ते मला ठाऊक नाही.” वर्गात हे वाक्य उच्चारायला मी फार उशिरा शिकलो.