अभ्यंग आणि अभिषेक

शनिवारी शनिपाराला पुणेकर शनीला तेल वाहतात. 'तैलाभिषेक' हा भारदस्त शब्द फलकांवरचा. बोलण्यात तो फारसा येत नाही. 'अभिषेक' 'सिच्' म्हणजे शिंपणे या धातूचा, 'अभ्यंग' 'अञ्ज्' म्हणजे माखणे याचा. अभिषेक देवाला आणि राजाला. अभ्यंग मात्र नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसणाऱ्या कोणालाही. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींवर नद्यांच्या जलाचा अभिषेक झाला. आपल्याकडे राजा होतो तो पाण्याने.

इब्री परंपरेत राजा होतो तो तेलाने. शमुवेलाने तेलाची कुपी शौलाच्या मस्तकावर ओतली आणि त्याला राज्य मिळाले. अशा कथा मराठीत आणताना भाषांतरकारांनी 'अभिषेक' शब्द घेतला, आणि त्या शब्दातले पाणी ओसरून तिथे तेल आले. तेविसाव्या स्तोत्रात मात्र यजमान पाहुण्याच्या डोक्याला तेल लावतो. तिथे मराठी पवित्र शास्त्रात 'अभ्यंग' आहे. हा केवळ शब्दपालट नव्हे. मूळ इब्रीतही या ठिकाणी राजाला अभिषेक करण्याचे क्रियापद नाही, वेगळेच आहे. भाषांतरकारांच्या या निवडीचे आम्हांस फार कौतुक वाटते.

एक गोष्ट मात्र निसटली. 'मशीहा' म्हणजे तेलाने अभिषिक्त झालेला. 'ख्रिस्त' हे त्याचेच ग्रीक भाषांतर. मराठीने तो शब्द न उलगडता विशेषनामासारखा ठेवला. त्यामुळे ते नाव रोज घेणाऱ्या मराठी माणसालाही त्यातले तेल जाणवत नाही.