हिजरी ३९६ चा तारा : एका नोंदीचे ऐतिहासिक मोल

विज्ञानाच्या इतिहासात अरबी ग्रंथांचे स्थान कोणते, असा प्रश्न वर्गात निघाला की सामान्यतः दोन टोकांची उत्तरे मिळतात. काहींच्या मते आजचे सारे विज्ञान त्या ग्रंथांत आधीच आलेले आहे. तर काहींच्या मते त्यांत ग्रीक ग्रंथांच्या अनुवादापलीकडे काही नाही. ही दोन्ही मते पारखून पाहण्यासाठी इ. स. १००६ च्या अतिनवताऱ्याचे उदाहरण उपयुक्त आहे.

त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस दक्षिण आकाशात, वृक तारकासमूहात, एक नवा तारा प्रकटला. लिखित इतिहासातील अतिनवताऱ्यांत तो सर्वांत तेजस्वी मानला जातो. चीन व जपानमधील नोंदींत आणि स्वित्झर्लंडमधील सेंट गालेनच्या मठातील बखरीत त्याचा उल्लेख आहे. इतिहासकार इब्न अल-असीर यांनी (११६०–१२३३) 'अल-कामिल' या ग्रंथात हिजरी ३९६ च्या घडामोडींत त्याची नोंद केली आहे. शाबानच्या आरंभी इराकच्या किब्ल्याच्या डावीकडे शुक्रासारखा मोठा तारा दिसला, त्याचा प्रकाश चांदण्यासारखा जमिनीवर पडत असे आणि जिल्कादच्या मध्यापर्यंत तो राहिला, असा तिचा आशय आहे. इब्न सीना यांनीही 'किताब अश-शिफा'मध्ये सुमारे तीन महिने दिसलेल्या व रंग पालटत मंदावलेल्या अशा एका ताऱ्याचे वर्णन केले आहे. मात्र त्यांनी साल ३९७ दिले आहे.

हा एका वर्षाचा घोळ मिटवण्यास इब्न रिदवान यांची नोंद कामी येते. अली इब्न रिदवान (सुमारे ९८८–१०६१) हे गिझा येथील एका पाव भाजणाऱ्याचे पुत्र. पुढे ते कैरोचे नामांकित हकीम झाले. टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथावरील भाष्यात त्यांनी आपल्या विद्यार्थिदशेतील हा प्रसंग सांगितला आहे. तारा वृश्चिक राशीच्या पंधराव्या अंशात होता, आकाराने शुक्राच्या अडीच ते तीन पट दिसे आणि त्याचा उजेड चंद्राच्या पाव हिश्शाहून किंचित अधिक होता, असे ते लिहितात. विशेष म्हणजे, त्या दिवशीची सूर्य, चंद्र व ग्रहांची स्थानेही त्यांनी दिली आहेत. सालाच्या बाबतीत स्मरण चुकू शकते. परंतु सर्व ग्रहांची तीच मांडणी लगेच पुन्हा येत नाही. बर्नार्ड गोल्डस्टाइन यांनी १९६५ मध्ये या नोंदी अभ्यासल्या. त्या ग्रहस्थितीवरून ३० एप्रिल १००६ ही तारीख निघते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील रेडिओ दुर्बिणीच्या साहाय्याने गार्डनर व मिल्न यांनी या ताऱ्याचा अवशेष निश्चित केला.

हा अवशेष सुमारे सात हजार प्रकाशवर्षे दूर असून सुमारे साठ प्रकाशवर्षे रुंद असा, अजूनही पसरत असलेला तप्त वायूचा कोश आहे. जोडताऱ्यांपैकी श्वेत बटू फुटला आणि समूळ नष्ट झाला, असे आज मानले जाते. म्हणूनच त्याच्या मध्यभागी न्यूट्रॉन तारा आढळत नाही.

इ. स. १०५४ च्या ताऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे एका अवजड ताऱ्याचा गाभा कोसळला. त्याचा अवशेष म्हणजे खेकडा तेजोमेघ. त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे तीस फेरे घेणारा न्यूट्रॉन तारा १९६८ मध्ये सापडला. या ताऱ्याची अरबीतील ज्ञात नोंद बगदादचे ख्रिस्ती हकीम इब्न बुतलान यांची असून ती इब्न अबी उसैबिआ यांच्या हकिमांच्या चरित्रकोशात टिकली. योगायोग असा की, कैरोत ज्यांच्याशी इब्न रिदवान यांचा कडवा वाद झाला, ते हेच इब्न बुतलान.

स्फोटाचे कारण या दोघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. तारा फुटतो, ही कल्पनाच त्या काळात नव्हती. ताऱ्यामागोमाग युद्धे व दुष्काळ आले, असा इब्न रिदवान यांचा निष्कर्ष होता. तो आज ग्राह्य नाही. त्यांनी नोंदवलेले अंश मात्र साडेनऊशे वर्षांनंतर उपयोगी पडले. त्यांच्या ग्रंथात आधुनिक भौतिकशास्त्र शोधणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि त्यांना केवळ अनुवादक म्हणणे हाही.

आपल्या महाविद्यालयांत इतिहास, भाषा व भौतिकशास्त्र या विभागांच्या अध्यापकांनी हा उतारा एकत्र शिकवून पाहावा. हिजरी तारखेचे रूपांतर विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे, ग्रहस्थिती संगणकावर पडताळायला लावावी. पूर्वजांविषयीचा अभिमान मग भाषणातून द्यावा लागणार नाही. पडताळणीतून तो त्यांना स्वतःच गवसेल.