तुमच्या लिंकचे पैसे नेमके कोण देतं?

'माझ्या लिंकवरून अकाउंट उघड, तुलाही बिटकॉइन मिळेल, मलाही.' मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या एखाद्या दादाकडून असा मेसेज तुम्हालाही आला असेल. फुकटचे पैसे कोणाला नको असतात! पण लिंक उघडण्याआधी एक प्रश्न विचारू या: हे पैसे येतात कुठून? उत्तरासाठी शंभर वर्षं मागे जावं लागेल.

१९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झी ४५ दिवसांत ५० टक्के नफा देऊ म्हणत होता. टपालखात्याच्या आंतरराष्ट्रीय कुपनांचा आपला धंदा आहे, असं तो सांगायचा. प्रत्यक्षात जुन्या लोकांचा 'नफा' नव्या लोकांच्या पैशांतून दिला जात होता. नवी माणसं आणायला त्याने कमिशनवर एजंट नेमले होते. पैसे गुंतवणाऱ्यांत त्याच्यासारखेच इटलीहून आलेले कितीतरी जण होते. परक्या देशात आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसावर पटकन विश्वास बसतो, हे आपल्याला काही वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सगळा डोलारा कोसळला.

मग प्रत्येक रेफरल म्हणजे फसवणूकच का? तसं नाही. २००० च्या सुमारास पेपॅल नव्या माणसाला १० डॉलर द्यायचं आणि त्याला आणणाऱ्यालाही १०. तो जाहिरातीचा खर्च होता आणि कंपनी तो आपल्या भांडवलातून करत होती. पुढे कॉइनबेसनेही तेच केलं. मित्राने १०० डॉलरचा व्यवहार केला की दोघांना १०-१० डॉलरचं बिटकॉइन. कॉइनबेस व्यवहारांवर फी घेतं, त्यामुळे असं छोटं, एकदाच मिळणारं बक्षीस त्याला परवडतं. इथे हिशेब लागतो.

बिटकनेक्टचा हिशेब लागत नव्हता. बिटकॉइन आम्हाला द्या, आमचा 'ट्रेडिंग बॉट' महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत कमवून देईल, असा त्यांचा दावा होता. तुम्ही माणूस आणला की त्याच्या रकमेवर तुम्हाला कमिशन, त्याने पुढे आणलेल्यांवरही कमिशन. जानेवारी २०१८ मध्ये टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या नियामकांनी नोटिसा काढल्या आणि काही दिवसांतच हा कर्जाचा कार्यक्रम बंद पडला. अमेरिकेच्या न्यायखात्याच्या म्हणण्यानुसार जगभरातून सुमारे २.४ अब्ज डॉलर गोळा झाले होते. अमेरिकेतला मुख्य प्रचारक ग्लेन आर्कारो याने २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला. लोकांच्या गुंतवणुकीवर त्याला १५ टक्क्यांपर्यंत कमिशन मिळत होतं. पुढे त्याला ३८ महिन्यांची कैद झाली.

आपल्याकडेही हे घडलं. महिन्याला १० टक्के बिटकॉइन, तेही १८ महिने, असं आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइनच्या अमित भारद्वाजला एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. खटल्याचा निकाल लागण्याआधीच, जानेवारी २०२२ मध्ये, तो वारला.

'पण मी तर फक्त लिंक टाकली!' असं तुम्ही म्हणाल. बिटकनेक्टचे व्हिडिओ करणाऱ्यांचा युक्तिवादही याच वळणाचा होता: आम्ही कोणा एका माणसाला गळ घातली नाही, व्हिडिओ सगळ्यांसाठी होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. १९३३ च्या सिक्युरिटीज कायद्यात विक्रीसाठी केलेली गळ ठरायला ती एका व्यक्तीलाच घातलेली असावी लागते, असं कुठेही नाही. यूट्यूबवरून हजारोंना केलेलं आवाहनही त्यात बसू शकतं.

तेव्हा पुढच्या वेळी मेसेज आला की दादाला तीन गोष्टी विचारा. बक्षीस एकदाच मिळतं की माझ्या मित्रांच्या मित्रांवरही? मी जास्त पैसे टाकले तर तुझं कमिशन वाढतं का? आणि उद्यापासून नवा माणूस आलाच नाही, तर आपले पैसे कुठून येतील? दादा तुम्हाला फसवतच असेल असं नाही. बहुतेक वेळा त्यालाही हे कोणी विचारलेलं नसतं. तुम्ही विचारलंत तर कदाचित त्याचेही पैसे वाचतील.