शब्दांची शेवटची गाठ : इंग्रजीतील लॅटिन प्रत्यय आणि उच्चारखंड

'कम्युनिकेशन', 'इलेक्ट्रिसिटी', 'रिस्पॉन्सिबिलिटी' हे शब्द आज शहरी मराठी बोलण्यात सहज येतात. मात्र तेच शब्द इंग्रजीतून वाचण्याची किंवा लिहिण्याची वेळ आली की, अनेकांची गाडी अडते. महाराष्ट्रात २००० साली मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. परंतु लांबलचक शब्दांचे स्पेलिंग घोकून पाठ करायचे, ही पद्धत फारशी बदलली नाही. वास्तविक अशा शब्दांची रचना नियमबद्ध असते आणि त्या रचनेची किल्ली बहुधा शब्दाच्या शेवटी, म्हणजे प्रत्ययात असते.

लॅटिनचा वारसा

इंग्रजी ही मुळात जर्मानिक कुळातील भाषा. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालयांत फ्रेंचचा शिरकाव झाला. फ्रेंच ही लॅटिनची कन्या असल्याने तिच्यामार्फत लॅटिन प्रत्यय इंग्रजीत आले. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत विद्वानांनी थेट लॅटिनमधून शब्द घेतले. त्यामुळे घरगुती व्यवहाराचे लहान शब्द जर्मानिक आणि कायदा, शास्त्र, प्रशासन यांचे लांब शब्द बहुतांशी लॅटिन वळणाचे, अशी विभागणी इंग्रजीत दिसते.

प्रत्ययांचे कार्य मराठी वाचकाला अपरिचित नाही. 'सुंदर'ला 'ता' लागून 'सुंदरता' होते, तसे 'रिअल'ला 'इटी' लागून 'रिअ‍ॅलिटी' होते. हा 'इटी' लॅटिनमधील 'इतास'पासून आला. त्यातील 'तास' आणि वैदिक संस्कृतातील 'सर्वताति' यांसारख्या शब्दांतील 'ताति' हे प्रत्यय एकाच प्राचीन मुळाचे आहेत.

सिलॅबल म्हणजे अक्षर नव्हे

एका झटक्यात उच्चारला जाणारा आणि बहुधा एका स्वराभोवती बांधलेला खंड म्हणजे सिलॅबल. लिहिलेल्या अक्षरांच्या संख्येशी त्याचा थेट संबंध नाही. 'स्ट्रेंग्थ' या शब्दात आठ अक्षरे असूनही खंड एकच आहे. 'एरिया'त चारच अक्षरे, पण खंड तीन. मराठीतही 'कमळ' लिहिताना तीन अक्षरे असतात. उच्चारताना मात्र 'क-मळ' असे दोनच खंड होतात.

'टी-आय-ओ-एन' या प्रत्ययाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. शेक्सपिअरच्या काळातील पद्यात तो अनेकदा दोन खंडांचा धरला जाई. बोलण्यात त्याचा एकच खंड झाल्यानंतरही शालेय पुस्तकांत 'नेशन' हा शब्द तीन तुकड्यांत तोडला जात असे. अमेरिकी कोशकार नोआ वेब्स्टर यांनी १७८३ च्या आपल्या स्पेलिंग-पुस्तकात प्रत्यक्ष उच्चाराला प्रमाण मानून त्याचे दोनच तुकडे केले. आजही ओळीच्या शेवटी शब्द तोडताना अमेरिकी परंपरा उच्चाराकडे, तर ब्रिटिश परंपरा व्युत्पत्तीकडे अधिक पाहते.

आघात कोठे?

मराठीत सर्व खंड साधारण सारख्या जोराने उच्चारले जातात. इंग्रजीत मात्र एका खंडावर आघात येतो आणि आघातहीन स्वर पुसट होतात. आघात चुकला तर ओळखीचा शब्दही इंग्रजी कानाला अनोळखी वाटू शकतो. ही जागा अनेकदा प्रत्ययच ठरवतो.

'शन' आणि 'इटी' हे प्रत्यय असताना आघात प्रत्ययाच्या लगत आधीच्या खंडावर पडतो. 'एज्युकेट'मध्ये तो 'ए'वर आहे, पण 'एज्युकेशन'मध्ये 'के'वर. 'इलेक्ट्रिक'मध्ये 'लेक'वर असलेला आघात 'इलेक्ट्रिसिटी'त 'ट्रि'वर सरकतो. शिवाय 'क'चा 'स' होतो. 'इक'ने संपणाऱ्या शब्दांनाही बहुधा हाच नियम लागतो. 'अ‍ॅरेबिक' हा त्याला अपवाद. याउलट 'मेंट' हा प्रत्यय आघात हलवत नाही : 'डेव्हलप' आणि 'डेव्हलपमेंट' या दोहोंत तो 'व्हे'वरच राहतो.

प्रत्ययामुळे मूळ शब्दातील स्वरही बदलतो. 'नेशन'चे 'नॅशनल', 'सेन'चे 'सॅनिटी', 'डिव्हाइन'चे 'डिव्हिनिटी' होते. स्पेलिंगमधील ती जागा मात्र त्याच अक्षराची राहते. उच्चार दुरावला तरी नाते टिकवणे, हे इंग्रजी स्पेलिंगचे एक मोठे काम आहे.

स्पेलिंगमागील कारण

'डिस्क्राइब'मध्ये 'बी' आणि 'डिस्क्रिप्शन'मध्ये 'पी' का? लॅटिनमध्ये 'लिहिणे' या अर्थाचे क्रियापद 'स्क्रीबेरे' आणि त्याचे भूतकालवाचक कृदन्त 'स्क्रिप्तुम' होते. नामे या कृदन्ताच्या अंगापासून बनली. 'पर्मिट'चे 'पर्मिशन' होताना दोन 'एस' येतात, तेही 'मित्तेरे'च्या 'मिस्सुम' या रूपामुळे.

'एबल' लिहावे की 'इबल', या नेहमीच्या पेचाचे मूळही लॅटिन क्रियापदांच्या गणभेदात आहे. प्रत्यय काढल्यावर पूर्ण इंग्रजी शब्द उरला तर बहुधा 'ए' लिहावा, उदाहरणार्थ 'वॉशेबल', 'रीडेबल'. न उरल्यास अनेकदा 'आय' येतो, जसे 'व्हिजिबल', 'ऑडिबल'. 'अ‍ॅक्सेसिबल' आणि 'केपेबल' यांसारखे अपवाद लक्षात ठेवावे लागतात.

लांब शब्द समोर आला की, तो शेवटाकडून सोडवणे सोपे जाते. 'रिस्पॉन्सिबिलिटी'तून 'इटी' वेगळा केला की, आघात त्याआधीच्या 'बि'वर हे लगेच कळते. उरलेला 'इबिल' म्हणजे 'इबल'चेच लॅटिन 'इबिलिस'शी जवळीक राखणारे रूप. तोही बाजूला काढल्यावर 'रिस्पॉन्स' आणि 'रिस्पॉन्ड' यांचा आप्त असलेला मूळ भाग हाती येतो. 'फ्लेक्सिबिलिटी', 'पॉसिबिलिटी', 'व्हिजिबिलिटी' हे शब्दही याच रीतीने उलगडतात. एका प्रत्ययाची ओळख अशा रीतीने अनेक शब्दांची घोकंपट्टी वाचवते.