मुंबईचा सहावा, सिडनीचा पहिला

श्रोतेहो, शिरूर-दौंडकडील रस्त्यांवर बैलगाड्या, गुरें व पादचारी यांस चुकवीत मोटार हांकणें म्हणजे काय, हें आपणांस ठाऊकच आहे. अशाच रहदारीच्या रस्त्यांवरून १९६८ सालीं लंडन ते सिडनी ही मोटारींची शर्यत झाली. २४ नोव्हेंबरला ९८ मोटारी निघाल्या. काबूलपुढील लाताबंद घाटाची खडकाळ वाट, खैबरखिंड व दिल्ली मागें टाकून त्यांतील ७२ मुंबईस पोहोंचल्या. तेव्हां आघाडीवर रॉजर क्लार्क होता. अँड्र्यू कॉवन सहावा. तेथून ‘चुसान’ जहाजानें मोटारी ऑस्ट्रेलियास गेल्या.

पुढें क्लार्कचें इंजिन बिघडलें व ल्युसियन बियांकी पहिला झाला. सिडनी जवळ आलें असतां, त्याचा सोबती मोटार हांकीत होता, तोंच शर्यतीबाहेरची एक मोटार समोरून येऊन आदळली. बियांकी जबर जखमी झाला. पॅडी हॉपकर्कनें तेथें थांबून, स्वतःच्या यशाची पर्वा न करतां, जखमींस मदत केली. रस्ता लोकांस खुला ठेवून त्यावरच शर्यत लावणें हें मला तरी अविचाराचें वाटतें.

१७ डिसेंबरला सिडनीस अंतिम निकाल लागला: कॉवन पहिला, हॉपकर्क दुसरा.